काटा थांबेपर्यंत

रात्रीचे पावणेबारा. कोपरखैरणे, माथाडींच्या बैठ्या घरांची रांग.
सेकंडहँड लॅपटॉपचा पंखा
चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या टेम्पोसारखा.

तांडेल सरांनी दिलेलं काम एवढंच:
दोनाचं वर्गमूळ काढा, अंदाजाने, फेरीफेरीने.
एक अंदाज धरायचा, दोनाला त्याने भागायचं,
भागाकार आणि अंदाज यांच्या मधोमध उभं राहायचं.
तोच पुढचा अंदाज.

पहिला तास गेला चार मोकळ्या जागांत.
ओळ लूपच्या बाहेर राहिली होती,
बोलावणं न आलेल्या मामासारखी मांडवाबाहेर,
आणि आत नुसता एक, एक, एक.
तिला आत घेतली. मग आकडे हलले:
१.५
१.४१६६
१.४१४२
पाचव्या फेरीला पंधरा घरं भरली,
आणि पुढे
तेच. तेच. तेच.
स्क्रीनभर ओघळत
तोच आकडा, शेपटीसकट.

आप्पा पाणी प्यायला उठले.
तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
चष्मा नव्हता, तरी आकडा वाचला.
"उत्तर आलंय की. मग ओरडतंय कशाला?"

म्हटलं, मीच सांगितलंय त्याला,
वर्ग बरोब्बर दोन भरेपर्यंत थांबू नकोस.
आणि तो भरत नाही.
सोळाव्या घरात चार कमी पडतात.
दर वेळी तेच चार.

आप्पा हसले नाहीत. भांडं ओट्यावर ठेवलं.
"काटा थांबायची वाट बघितली असती
तर पहिल्या दिवसाची पहिली गोणी
अजून काट्यावरच असती.
काटा थरथरतोच. कांदा जागच्या जागी वाळत असतो,
वारा असतो, गोणीला गुडघा लावून कुणी उभा असतो.
थरथर एवढी उरली की,"
दोन बोटं जवळ आणली,
"पुकारायचं. बावन्न! चल, पुढची घे."

बोटांमधली ती फट मी लिहून घेतली:
शून्य, टिंब, चार शून्यं, एक.
'बरोबर'च्या जागी 'फरक एवढ्याहून कमी'.

एंटर दाबायच्या आधी विचारलं,
पुकारताना ते मधलं पाव-अर्धा किलो
कुणाकडे जायचं, आप्पा?

ते मागच्या दारी गेले.
वाळलेले टॉवेल उलटे करत राहिले.
बराच वेळ.

तिसऱ्या फेरीला थांबलं.
पंखा निवला, शेजारच्या भिंतीतून घोरणं ऐकू आलं.
आता दोनाच्या वर. सहा दशलक्षांश.

"जास्त भरलं," मी आतून सांगितलं.
"कुणाच्या बाजूने?" मागच्या दारातून.

दोनाच्या वर्गमुळात
विकणारा कोण, घेणारा कोण.
मी वही चाळत बसले.