शंभरात एक

सुपावरून हात फिरला की बोटाला कळतं.
खडा, काडी, किडा, उंदराची लेंडी,
आन आखाडापासून ह्यो नवा दाना:
पिवळसर, गुळगुळीत,
सगळे एका साच्यातून पडल्यावानी.
शंभरात एक असंल.
मह्या बोटातून तेवढा बी सुटंना.

टाकळीच्या शाळेत खिचडी शिजविते, अकरा वर्षं झाली.
एका लेकराच्या दाताखाली खडा आला नाही.
म्हून मानवतच्या बाजारात कोनी म्हनलं,
पिलास्टिकचा तांदूळ आलाय, पान्यावर तरंगतो बघ,
तवा वाटीत टाकून बघितला.
तरंगला.
त्या दिसापासून एकेक येचून
पावडरच्या रिकाम्या डब्यात ठिवला, झाकन घट्ट.
पटावर एकशे बारा लेकरं.
वाटलं, एकशे बारा जीव राखते मी,
कोनाला सांगायचं कशाला.

पोत्यावर लिव्हलेलं मला येत नाही.
बेरजेची एक खून व्हती निळी,
बाजूला किल्लीवानी एक अक्षर.
पोतं उसवून न्हानीला आडोसा केला,
किल्ली खाली डोकं वर पाय.
रोज तिच्याम्होरं आंघोळ केली,
तिला काय इचारलं नाही.

मग दवाखान्याची गाडी आली.
परवीन सिस्टर पोरींच्या बोटाला टोचत व्हत्या,
रांगेत मही भाग्यश्री.
सात पॉइंट नऊ.
सिस्टरनं तिची खालची पापनी वढली.
आत कसं, तर लई येळा धुतलेल्या फडक्यावानी.
"खाती काय ही?"
शाळेतली खिचडी, म्या म्हनलं, मह्या हातची.
"तांदळात लोह असतंय की आता.
पिठात मिसळून पुन्हा दाना करतेत,
शंभरामागं एक.
जरा येगळा दिसतो.
कोनी काढून तर टाकत नाही ना?"

मी पदराचं टोक बघत राहिले.
टोकाला हळदीचा डाग व्हता, त्यो बी बघितला.

सासूचा तवा व्हता लोखंडाचा, कढई बी.
अंबाडीची भाजी काळी पडायची त्यात,
पोरं नाकं मुरडायची.
भंगारवाला आला, तवा घेऊन गेला,
बदल्यात जर्मनचं पातेलं, हलकं, चकचकीत.
ज्वारीच्या जागी रानात सोयाबीन आलं,
ते इकायचं, खायचं नाही.
घरातून लोखंड गेलं
त्येचा आवाज झाला नाही.
आता ते तांदळात मिसळून परत यायलंय
आन मी दारातच त्येची गचांडी धरतेय.

पर माय, सांगायचं व्हतं ना!
चुलीपाशी येऊन, दाना हातात धरून.
किल्ली छापून पोतं धाडलं,
कुलूप कोन्या दाराला हाय ते कोन सांगंल?
सिस्टर म्हनल्या, खरं हाय तुमचं.
मग गोळ्या दिल्या, जंताची बी.
नुसत्या तांदळानं सगळं भरून निघत नसतं, म्हनल्या.

रातच्याला डबा उघडला.
पावशेर भरला असंल.
जर्मनच्या पातेल्यात आदन ठिवलं, वतला.
तरंगला, मग फुगला, मग बसला खाली.
शिजल्यावर हाताला कळंना
ह्यो कोन आन त्यो कोन.
मीठ टाकून आधी मी खाल्ला.
पोरगी जागी व्हती.
"काय खाती माय, एवढ्या रातीचं?"
तुझं हाय, म्हनलं.
तिला कळलं नाही. कूस बदलली तिनं.

सकाळी पुन्हा सूप.
हात फिरतो, मधीच बोट आडतं.
डोळ्याच्या आधी बोटाला कळतं अजून.
बोटाला रोज सांगावं लागतंय,
असू दे, असू दे त्येला.

खडा मात्र काढते.