फळ्यावरची तिसरी ओळ

हिंगणघाट रस्त्यावरच्या आमच्या जिनिंगमध्ये
काट्यापाशी एक फळा आहे.
वर कापूस, खाली सरकी,
आणि तिच्याखाली बाबांच्या तिरप्या अक्षरात
'वर्षाली'. पुढे आकडा.

सेलूकडचा गाडीवान विचारतो,
"हे कोणतं वाण हाय वो मापारी?"
"घरचंच हाय," बाबा म्हणतात.
"याचा भाव उतरला का चांगलं."

सातशे चाळीसची सहाशे बारा झाली
तेव्हा आम्ही पेढे वाटले.
हमालांनी खाल्ले, पण पटलं नाही कुणाला.
घसरणीचे पेढे ते पहिल्यांदाच खात होते.

ती शिकली इथेच,
कापूस पसरायच्या सिमेंटच्या ओट्यावर,
हंगाम सरला की चुन्याच्या रेघा मारून.
समोर गोदामाची भिंत.
एका जागी अजून गिलावा नाही तिला,
माझ्या कमरेच्या उंचीवर.

मग ती कुठे कुठे असायची.
एकदा ट्युनिशियात सहा आठवडे, एकाच हॉटेलात,
एका उझबेक मुलीबरोबर अर्ध्या भाड्याची खोली.
पहिल्या फेरीत हरलं की हातात जे पडतं
त्यात तीन रात्री निघतात.
तारा ओढायचे पैसे वेगळे,
म्हणून तारा ती स्वतःच ओढते,
बॅगेत मावणाऱ्या जुन्या यंत्रावर, दांड्याला वजन लटकवून.
बाबांना हे फार आवडलं:
"म्हंजे पोरगीबी वजनाचंच काम करते!"

मी धाकटी. पावत्या फाडते.
तिचा सामना फोनवर बघते, म्हणजे आकडे बघते.
चेंडू नाही, कोर्ट नाही, ती नाही,
सर्व्हिस तिची असेल तर नावापुढे एक हिरवा ठिपका.
पंधरा. तीस. मग बराच वेळ काहीच नाही.
एवढ्यात तिचा पाय मुरगळलेला असू शकतो,
किंवा आमचीच रेंज गेलेली.
टीव्हीवर दिसणाऱ्या एका बाईचा पहिला सेट तिने घेतला, सहा-चार,
त्या दुपारी एकाच ट्रॅक्टरच्या मी दोन पावत्या फाडल्या.
पुढचे दोन सेट कुणाला सांगत नाही.

गुण बावन्न आठवडे टिकतात.
मग गळतात, न खेळता, घरबसल्या,
गेल्या वर्षी ज्या आठवड्यात जिंकली होती
नेमके त्याच आठवड्यात.
जिंकल्याचंही वर्षश्राद्ध असतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

फेब्रुवारीत गुडघा गेला.
पाचशे सत्त्याऐंशी. सहाशे साठ. आठशे चार.
"चढलं की तुमचं वाण!" गाडीवान खुशीत म्हणाला.
बाबा "हो" म्हणाले
आणि पुढच्या गाडीचं वजन घ्यायला उठले.

मे महिन्यात ती घरी आली.
तीन रॅकेटी, एकीची चौकट फुटलेली, आणि आईसाठी खजूर.
आईनं विचारलं, "आता पुढं?"
"आधी भाकर दे."

रात्री कूलरपुढे, गुडघ्यावर बर्फ धरून, ती मला सांगत होती.
समोर सोळा वर्षांची पोर होती.
मॅच पॉइंट तिचा.
"माझा चेंडू बाहेर गेला, बोटभर.
तिला दिसलाच नाही. तिनं परत मारला."
"मग?"
"मग काय. मी हात वर केला.
चुन्याच्या रेघेवर शिकलोय आपण,
बाहेरचा चेंडू मला कानानंच कळतो."
अंगणात बाबांची खाट करकरली.
म्हणजे जागे होते.

सकाळी साडेपाचला, उन्हाच्या आधी,
गोदामाच्या भिंतीवर चेंडू.
एका पायावर जरा कमी भार टाकल्यासारखा,
ठक्, मग थांबून, ठक्.
मी काट्यापाशी गेले तर
तिसऱ्या ओळीतला आकडा ओल्या हातानं पुसलेला,
नाव तसंच.
ओल वाळत होती.

किती वेळा आला चेंडू, मी मोजलं नाही.
बाबांनी मोजलं असणार.