वीसपैकी सात

कसालाच्या बाजारामागे, जिथे गाश नदी
वर्षातले नऊ महिने नुसती वाळू असते,
तिथे ओशेकचं घर.
मी वही उघडली. वीस प्रश्न.

स्वादुपिंड कुठे असतं?
त्याने आधी छाती चाचपली, मग बरगडी,
मग म्हणाला, उंटाला असतं का ते?
चूक.
इन्सुलिन म्हणजे काय?
'ऊन न सोसणारं पाणी.'
चूक. पेन्सिल मात्र जरा अडखळली.
उपाशीपोटी साखर किती असावी?
'माझी, की तुझ्या कागदाची?'

वीसपैकी सात.
तक्त्यात याला म्हणतात अपुरं ज्ञान.

बायकोने आलं कुटलं, जबना निखाऱ्यावर ठेवली.
इथे तीन पेले घ्यावेच लागतात,
एकावर उठणं म्हणजे भांडण.
माझ्या पेल्यात चार चमचे साखर,
त्याच्यात काहीच नाही.
'पहिलं वर्ष सगळे माझ्याकडे असे बघायचे,
जणू घरात कुणी गेलंय.
मग सवय झाली.
त्यांना.'

कोपऱ्यात रांजण. रांजणात मडकं,
दोघांच्या मधल्या फटीत ओली वाळू,
मडक्यात पिशवी, पिशवीत ती बोटभर बाटली.
सकाळी एक तांब्या पाणी वाळूवर,
असरच्या नमाजानंतर एक.
मागच्या मे महिन्यात अकरा दिवस वीज नव्हती,
दवाखान्याचा फ्रीज आतून कोमट झाला,
तेव्हा नर्सबाई आपल्या सहा बाटल्या
ओल्या फडक्यात गुंडाळून
इथे घेऊन आली होती.

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

मला सुक्करी होऊन नऊ वर्षं झाली.
प्रशिक्षणात हेच वीस प्रश्न मी सोडवले,
एकोणीस बरोबर.
आज सकाळची सुई घेतलेली नाही.
काल रात्रीचीही.
कारण विचाराल तर
असं सांगण्यासारखं कारण नाही.
कंटाळा हा शब्द कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिसरा पेला आला. मी तो हाताने झाकला,
दोन रिचवून झाल्यावर.
ओशेकने माझ्याकडे पाहिलं:
कोरडे ओठ,
पाण्याची बाटली, दुसऱ्यांदा भरलेली
आणि पुन्हा रिकामी.

'इनसाफ, तुलाही?'

मला सगळं माहीत आहे, मी म्हटलं.

'ते नाही विचारलं,' तो म्हणाला,
आणि बाहेर अजान संपली तसा
तांब्या घेऊन
मडक्याकडे वाकला.