कमी धूसर

दौलतगंजात आमचं चष्म्याचं दुकान.
बाबा गिऱ्हाइकाच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवतात,
एक काच काढतात, दुसरी घालतात.
"पहले वाला साफ़, या ये वाला?"
माणसं बावरतात. दोन्हींत थोडं धुरकट, म्हणतात.
असू दे, बाबा म्हणतात. कमी धुरकट कुठलं?

हे ऐकतच मी मोठी झाले,
तरी काल रात्रभर कूस बदलत होते.

गिर्राजबाबूंनी गल्लीत बोअरिंग आणलं.
पाणी गोड लागलं,
नावाची पाटी पंपाहून मोठी,
कंत्राट मेहुण्याला.
झिजल्या चपलांच्या मास्तरांकडे
मावशीच्या पेन्शनसाठी तीनदा गेलो.
तिन्ही वेळा आलं घातलेला चहा मिळाला.
विमलाबाई बोलायला उठल्या
की माइक त्यांचा दीर घेतो.

आई म्हणाली, पंपाचं पाणी पितेस ना?
वरद म्हणाला, सगळ्यात खालचं बटण दाब, सुटलीस.
बाबा काचा पुसत राहिले.

मतदान माझ्याच शाळेत, पाचवी ब.
बाकं भिंतीशी रचलेली.
फळ्यावरचा भागाकार कुणीतरी पुसला होता,
बाकी तेवढी राहून गेलेली.

"रिजुता दिनकर माहूरकर,"
अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं.
घरी मी रुजुता.
दुरुस्त करणार होते, पण मागे रांग,
आणि माझी सही आधीच वाकडी.
शाई नोव्हेंबरच्या पाण्यासारखी गार.

पुठ्ठ्याच्या आडोशाला कुणीच विचारत नाही,
हा की तो.
मागची काच परत लावून बघता येत नाही.
मला विमलाबाईंचा हात आठवला,
माइककडे अर्धा गेलेला,
मग पदर सारखा करत परतलेला.
पंपही आठवला. चहासुद्धा.
बोट खालच्या बटणापर्यंत गेलं,
तिथून वर आलं.

बीप फारच मोठा वाजला.
सात सेकंद इवल्या काचेमागे माझी चिठ्ठी,
अक्षरं इतकी स्वच्छ
की मीच दचकले.
मग ती खाली पडली, इतरांच्या चिठ्ठ्यांत.

बाहेर गजकवाला तीळ कुटत होता.
पावशेर घेतली. कुणाला दिलंस, त्यानं विचारलं नाही,
बोट मात्र बघितलं.

संध्याकाळी दुकानात एक आजोबा,
नाकावर तीच फ्रेम.
दोन्हींत धुरकट आहे, बेटी.
हो, म्हटलं, माहितीये.
बाबा त्यांना सांगत होते,
सहा महिन्यांनी परत दाखवा, नंबर सरकतो.

घरी जाताना पंपापाशी थांबले.
पाटीखालून पाणी ठिबकत होतं.