दोराच्या आत

एप्रिलचा शेवटचा रविवार. अपेनझेलच्या चौकात
भल्या पहाटे कुणीतरी दोर ताणून ठेवतं.
साधाच दोर. करडूही ओलांडेल.
ओटिलियाने वयाच्या चाळिशीपर्यंत ओलांडला नाही.

आत पुरुष, कमरेला बापाच्या तलवारी.
तलवार म्हणजे इथे मतदाराचं ओळखपत्र;
म्यानातून निघते ती फक्त पुसायला.
बाहेर बायका, छत्र्या, पेंगुळलेली पोरं.

नव्वद साली प्रश्न असा होता:
बायकांना आत घ्यायचं का?
ठरवणार अर्थातच आतले.
ज्यांना मान्य आहे त्यांनी... हात आले.
ज्यांना नाही... हात आले. जास्त.
इथे हात मोजत नाहीत, नजरेने तोलतात,
मुरलेला दाणेवाला पोतं बघून वजन सांगतो तसे.
ओटिलियाला मात्र एकच हात मोजायचा होता,
सेप्पाटोनीचा. आदल्या रात्री तिनेच रफू केलेल्या
बाहीतून तो वर आला.
दुसऱ्या वेळी.

घरी सूप. मधे पाव.
“मीठ दे,” एवढाच त्या दिवसाचा ठराव,
तो एकमताने मंजूर.

मग नोव्हेंबरात लोझानहून निकाल आला.
दूरच्या, फ्रेंच बोलणाऱ्या शहरातलं कोर्ट म्हणालं,
तुमच्याच घटनेतल्या ‘नागरिक’ या शब्दात बायका येतात.
बस्स. शब्द तोच, फक्त नीट वाचला.
गाव चिडलं: आमचं आम्ही ठरवतो, हे कोण टिकोजीराव?
ओटिलियाही थोडी चिडली, खरं सांगायचं तर.
तिला ते सेप्पाटोनीकडून हवं होतं.

माझ्या भाषेत हात वर करणं म्हणजे
अंग काढून घेणं.
तिकडे हात वर केला की अडकलात:
पुलाचा खर्च तुमचा, पुलाचा गंज तुमचा,
पुढच्या वर्षीची कुरकुरही तुमचीच.
वर्षातून तीनचारदा बर्नचा लिफाफा येतो तो वेगळा.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा पुसत, ओटिलिया ठरवते
लढाऊ विमानं, पेन्शनचं वय,
आणि एकदा तर गाईंची शिंगं राखावीत का तेही.
बहुतेक वेळा ती हरते.
हरलेला कागद फेकत नाही, त्यावर
वाणसामानाची यादी करते.

सेप्पाटोनी गेला. तलवार मुलाकडे.
ती कार्ड नेते, पर्समध्ये, गोळ्यांच्या डबीला खेटून.
यंदा गुडघ्याने दगा दिला, म्हणून चौकापर्यंत
फिक्रेतेने हात धरून आणलं.
प्रिश्टिनाची. अठरा वर्षं इथेच.
ओटिलियाचा रक्तदाब तिला तोंडपाठ,
इथल्या बोलीतल्या शिव्याही, सगळ्या नाहीत, कामापुरत्या.
कर भरते. दोरापाशी आली की थांबते.
“नॉयशातेलला माझ्या बहिणीला मत आहे,” ती सहज बोलते,
हवेबद्दल बोलावं तसं.
“रेल्वेने चार तास. देश हाच.”

ओटिलिया काही म्हणत नाही.
दोराच्या आत जाते, पण मंचाकडे सरकत नाही,
कडेलाच उभी राहते.

विषय पाचवा: वृद्धाश्रमाची नवी इमारत,
रात्रपाळीच्या बायकांच्या पगारासकट.
एक तरुण बोलतो, फार वेळ.
एक म्हातारा बोलतो, गायीसारखा, रवंथ करत.
गारांचा बारीक चुरा तलवारींवर टिपटिपतो.

ज्यांना मान्य आहे त्यांनी...

ओटिलियाचा हात निघतो, खांद्यापाशी अडतो.
संधिवात. अजून वर जाईना.
दोरापलीकडून फिक्रेते, रोज आंघोळीला देते तसाच,
विचार न करता,
तिच्या कोपराखाली आपला तळवा ठेवते
आणि उचलते.

मंचावरून नजरेने तोलणाऱ्याला
त्या कोपऱ्यात किती हात दिसले
कोण जाणे.