वाइंडिंग बदललं नाही

रुवीच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून माझं दुकान.
दारसैतच्या एका सभागृहाचा जुना मिक्सर आला.
तक्रार एवढीच : घरघर.
कुणी माइकपाशी उभं राहिलं की आधी तीच बोलते,
पन्नासची, खर्जातली,
जेवून आडव्या झालेल्या म्हाताऱ्यासारखी.

झाकण काढलं. खाली धुळीची साय,
आणि कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर. माझ्याच हातचा.
पाठीवर मार्करनं : चौऱ्याण्णव.

तेव्हा मी मुरादबक्ष उस्तादांकडे शिकत होतो.
"मनात मोज. ओठ हलले की एक वेढा चोरीला जातो."
रेडिओत उमर काढलेला बलोच माणूस,
त्यांनी मला आधी शिकवलं ते नुकसान :
तांब्यात थोडं जातं, ऊब होऊन,
हात लाव, कळेल.
लोखंडात थोडं जातं, कारण काल कुठे ओढलं होतं
ते लोखंड धरून बसतं,
उलटं न्यायचं तर आधी ती आठवण फेडावी लागते.
काही नुसतं भोवरे घेत आतल्या आत फिरतं,
म्हणून पत्रे पातळ, वार्निश लावलेले, एकमेकांना न शिवणारे.
आणि खालच्या सुरात फार मोठ्यानं बोललास
तर गाभा भरतो, लाटेचे शेंडे चपटे होतात,
मग माणूस बोलतो खरा, पण रागावल्यासारखा.
कवच मात्र पाडू नकोस.
पडलं तर दिसायला तसंच राहतं, अडवायचं विसरतं.

मी पाडलं एकदा.
महिनाभर त्यांनी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

एका गुरुवारी रात्री इन्सुलेशनचा कागद संपला.
खिशात तुझं पत्र होतं,
निळं, हवाई टपालाचं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
दोन गुंडाळ्यांच्या मध्ये तेच घातलं.
उस्तादांनी मीटर लावला. वरचे सूर बसलेले.
"कागद पातळ. दोघी फार जवळ आल्यात,
श आणि स गळतायत बघ."
पण गिऱ्हाईक दाराशी होतं.

तीस वर्षं त्या सभागृहातलं सगळं
तुझ्या पत्रातून पलीकडे गेलं :
निरोपसमारंभ, पोरांची वक्तृत्वं, लकी ड्रॉचे आकडे,
एक शोकसभा, जिला मीही होतो, मागच्या रांगेत.
तार तारेला लागली नाही कधी.

आज फक्त एक कड दिसते, तपकिरी पडलेली :
"…ची फी भरली आणि दा"
पुढचं तीन हजार वेढ्यांखाली.
दात? दार? दाढ?

तुला फोन लावला. खेडला पंखा घरघरत होता.
म्हणालीस, "चौऱ्याण्णवचं? मला सकाळची भाजी आठवत नाही.
दामू असेल. पोस्टमन. त्याच्याकडे द्यायचं होतं ना पत्र."
मग हसलीस. फोनच तो, हसण्याचा वरचा तुकडा
वाटेत कुठेतरी राहिला.

उकलता आलं असतं. नवी टेप, नवी तार,
अर्ध्या दिवसाचं काम, श आणि स परत.
बॉबिनवर नख ठेवलं होतं मी.

मग ब्रॅकेटचा स्क्रू सैल केला
आणि ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी वळवत गेलो,
शेजारच्या पॉवर सप्लायकडे पाठ होईपर्यंत, थोडा आणखी.
काटा उतरत उतरत तळाला टेकला.
दोष वाइंडिंगचा नव्हताच,
तोंड चुकीच्या दिशेला होतं.

स्क्रू आवळला. बिल लिहिलं :
घरघर काढली, दोन रियाल.
वाइंडिंग बदललं नाही.