कोपरापासून चार बोटं

फरशीचं नंतर बघू.
आधी सांगा, स्वयंपाक कोण करतं?

बाळगोंडा मालकांनी मोबाईल पुढं केला,
पुण्याच्या भावाच्या फ्लॅटचा फोटो
दोन बोटांनी ताणून मोठा केला:
पांढरी टाइल, तोंड दिसेल एवढी चकचकीत.
म्हटलं, मालक, तोंड बघायला आरसा स्वस्त पडतो.
तेलाचा थेंब आणि ओला पाय
यांची एकदा गाठ पडली
की पुढचा खर्च मिरजेला, हाडाच्या डॉक्टरकडं.

खरबरीत घ्या. पण फार खरबरीतही नको,
खाचेत हळद बसते
आणि नातवाच्या मुंजीपर्यंत हलत नाही—
मुंज तुमच्यात नसेल, तर लग्नापर्यंत.
ठिपक्यांची फरशी मळ लपवते,
फुटल्या कपाची काचही लपवते.
शेगडीपाशी साधी राखाडी बरी.

ढाळ मोरीकडं, फुटाला एक सूत.
त्याहून जास्त दिला तर पोळपाट डुगडुगतो.

खालची कपाटं प्लायवूडची नकोत.
आपण हरिपूर रोडला राहतो.
जिन्यापाशी कृष्णेची रेघ अजून आहे,
दोनदा रंग देऊनही वर येते.
सगळे सॉकेट त्या रेघेच्या वर.
खाली कडप्प्याची उघडी मांडणी:
पाणी येईल, जाईल, पाइप मारला की झालं.
फ्रिजचं काय, म्हणता?
फ्रिज पोहतो. मी बघितलाय.

आणि दिवस मावळायच्या आत जेवणारं घर तुमचं,
म्हणजे खरी घाई उन्हं कलताना.
शेगडीसमोर पश्चिमेची खिडकी नको,
डोळ्यांत ऊन, जाळावर वारा.
ती सिंकवर घ्या. नळाशेजारी वीतभर कट्टा ठेवा,
पाणी गाळायला.

त्रिशलावहिनी इतका वेळ दाराशी,
हातात दुधाचं पातेलं.
म्हटलं, वहिनी, ते खाली ठेवा,
सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा.
कोपरापासून चार बोटं खाली, तिथं ओटा.
हुसेनवस्तादांनी शिकवलेलं माप.
टेप लावली: छत्तीस इंच.
जुना ओटा तीस.

"सासूबाई ठेंगण्या होत्या,"
वहिनींचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

सहा इंच. सव्वीस वर्षं.
मालकांनी गुणाकार केला नाही.
मीही काही बोललो नाही.

मंगळवारी शहाबादी उचलली.
खाली बोटभर गाळ, वाळून पापड झालेला,
पाच पैशाचं एक नाणं,
आणि शेगडीपुढच्या लादीवर
दोन उथळ खळगे, शेजारी शेजारी.
हात फिरवल्याशिवाय कळले नसते.
मालकांनी हात फिरवला. बराच वेळ.
म्हणाले, दस्तगीरभाई, ही भिंतीत बसवू या,
आठवण म्हणून.

वहिनी हसल्या.
"आठवण कसली? पाय आहेत की माझे.
उलटी करा आणि मागच्या दारी टाका,
धुणं धुवायला होईल."

उलटी केली.
खालची बाजू कोरी निघाली,
नुसते चुन्याचे डाग.

सांधे भरले, सात दिवस पाणी मारायला सांगितलं,
ओट्यावर पंधरा दिवस वजन नको म्हटलं,
आणि विसाव्या दिवशी उरलेले पैसे न्यायला गेलो.
वहिनी खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या.
चहा मालकांनी केला.
साखर जास्त पडली होती.
उंच माणूस, त्यांच्या कोपराला ओटा खाली पडत होता,
कंबरेत जरा वाकत होते.

मी काही बोललो नाही.